अभ्यासाला बसण्याआधीची वीस मिनिटे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

स्पर्धा परीक्षांचे निकाल लागले की गावाकडच्या मुलामुलींचे फोटो पेपरात येतात. खाली जिद्द, चिकाटी आणि 'मोबाइलपासून चार हात दूर' हे हमखास लिहिलेले असते. ते वाचून एखादा पोरगा दुसऱ्या दिवशी मोठ्या जोशात अभ्यासिकेत येतो, पुस्तक उघडतो आणि पाऊण तासाने त्याच पानावर असतो. मग आपल्यातच खोट आहे असे त्याला वाटू लागते. गावची अभ्यासिका सांभाळणाऱ्यांना हे चित्र रोजचे आहे आणि त्यावरून आमचे एक मत पक्के झाले आहे. लक्ष लागणार की नाही, हे बसण्याआधीच्या वीस मिनिटांत बरेचसे ठरून गेलेले असते. त्या वीस मिनिटांत काय करायचे ते कोणालाही शिकता येते, त्यासाठी वेगळा स्वभाव लागत नाही. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे अभ्यासाला येणारा डोके रिकामे घेऊन येत नाही. ढोरांचे शेणपाणी, डेअरीवर दूध, पीक विम्याचा अर्धवट अर्ज, धाकटीचा जातीचा दाखला, वावरातल्या निंदणाच्या मजुरीचा हिशेब हे सगळे सोबत आलेले असते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले की एक काम अपुरे टाकून दुसऱ्याला हात घातला तर लक्षाचा काही हिस्सा पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरे काम बिघडते. यावर 'सगळे विसरून बस' हा सल्ला कुचकामी आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांतून निघालेला उपाय सोपा आहे. अपुरे काम लगेच पुरे करायची गरज नसते. ते केव्हा, कुठे आणि कसे करायचे एवढे नेमके ठरले तरी मन त्याचा पिच्छा सोडते.

त्यासाठी वहीच्या पानाचा चतकोर तुकडा पुरतो. बसण्याआधी तीन मिनिटे घ्यावीत आणि डोक्यात घोळणाऱ्या गोष्टी लिहाव्यात, पाच ओळींच्या वर नकोत. नुसते 'विमा' असे लिहून काही होत नाही. 'विमा : उद्या ११ वाजता सीएससी सेंटर, सातबारा व पासबुक सोबत' असे लिहिले तरच तो विषय डोक्यातून उतरतो. बहुतेक जण इथेच चुकतात. कामांची वीस ओळींची यादी करतात, एकाही ओळीपुढे वेळ लिहीत नाहीत आणि यादी पाहून आणखीच घाबरतात. दुसरी चूक म्हणजे ही यादी मोबाइलमध्ये लिहिणे. नोंद करायला फोन उघडला की व्हॉट्सअ‍ॅप दिसते आणि तीन मिनिटांची तीस होतात. कागदच हवा. तो अभ्यास करताना डाव्या हाताशी उलटा ठेवावा. मध्येच काही आठवले तर त्यावर एक ओळ लिहून पुन्हा पुस्तकाकडे वळावे.

दुसरी तयारी कामाच्या पहिल्या पावलाची. 'आज भूगोल करायचा' हा ठराव झाला, ते काम नव्हे. कुठून सुरू करायचे हे मेंदूला ठाऊक नसले की तो सोप्याकडे पळतो आणि सोपे म्हणजे बहुधा रील किंवा पानठेला. 'महाराष्ट्राचा कोरा नकाशा काढून त्यात वर्धा, वैनगंगा, पैनगंगा भरायच्या आणि वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता जिथे सुरू होते तिथे खूण करायची' असे लिहिले तर पेन आपोआप उचलला जातो. गणितात 'शेकडेवारी' न लिहिता 'सरावसंच तीन, प्रश्न ११ पासून' लिहावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा 'जर-तर' ठरावांवर बरेच काम केले आहे. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नुसती इच्छा बाळगणाऱ्यांपेक्षा 'अमुक वेळ झाली की अमुक करीन' असे ठरवणारे ध्येयाच्या बरेच जवळ पोचतात, असे दिसले. आपल्या भाषेत, 'गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना संपली की मी थेट अभ्यासिकेत जाऊन अकरावा प्रश्न सोडवीन.' ज्या गावात ही प्रार्थना रोज ठरल्या वेळी होते तिथे घड्याळापेक्षा चांगली खूण आयती मिळते, तिचा उपयोग करून घ्यावा.

हे पहिले पाऊल आदल्या रात्री लिहून ठेवणे सगळ्यांत चांगले. उठताना प्रकरण संपवून पुस्तक मिटण्यापेक्षा पुढचा प्रश्न वाचून, त्याचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी त्याच पानात ठेवून उठावे. दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही.

आता मोबाइल. यावर उपदेश फार झाले, व्यवस्था कोणी लावत नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील २०१५ च्या चाचणीत लोकांनी फोनला हातही लावला नव्हता. नुसता कॉल किंवा मेसेज आल्याची चाहूल लागली तरी त्यांच्या कामातल्या चुका वाढल्या. २०१७ मध्ये एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी सायलेंट केलेला फोन काहींना टेबलावर, काहींना खिशात किंवा बॅगेत आणि काहींना दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितला. दुसऱ्या खोलीवाल्यांची कामगिरी टेबलवाल्यांपेक्षा सरस ठरली. पुढे इतरांनी केलेल्या सगळ्याच चाचण्यांत हा परिणाम दिसला नाही, त्यामुळे नुसत्या जवळ असण्याने किती नुकसान होते यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण वाजणाऱ्या, थरथरणाऱ्या फोनबद्दल मतभेद नाहीत आणि दुसऱ्या खोलीत फोन ठेवायला पैसेही लागत नाहीत.

अभ्यासिकेच्या दाराशी प्लायवूडच्या पाटीवर कापडी खिसे ठोकावेत. जुन्या जीनच्या पँटचे खिसे चांगले टिकतात. प्रत्येक खिशाला क्रमांक, त्याच क्रमांकाचा पुठ्ठ्याचा बिल्ला मुलाजवळ. पाटी आतून सगळ्यांना दिसेल पण उठल्याशिवाय हात पोचणार नाही अशी असावी. दिसली नाही तर फोन चोरीला जाण्याची धाकधूक राहते, आणि ती धाकधूक फोनइतकीच त्रास देते. खिशात ठेवण्याआधी फोन बंद करावा. चाळीस फोन सायलेंटवर थरथरत असतील तर ती पाटी मधमाश्यांचे पोळे होते.

ही योजना आठवडाभरात का बारगळते तेही सांगायला हवे. माय वावरात, बाप बाजारात, आजा घरी आजारी. 'काही झाले तर मला कळणार कसे?' हा मुलांचा प्रश्न खरा आहे, त्याला आळस म्हणून उडवून लावू नये. म्हणून अभ्यासिकेत साधा बटणांचा एक फोन ठेवावा. त्याचा नंबर प्रत्येकाच्या घरी कागदावर लिहून भिंतीला लावावा. रोज एकाची पाळी. फोन आला तर तो बाहेर जाऊन बोलेल आणि निकडीचे असेल तरच ज्याचे त्याला सांगेल. मुलींच्या बाबतीत हा नंबर आणखी महत्त्वाचा. संध्याकाळी सातनंतर पोरगी फोन उचलत नाही म्हणून घरचे तिचे येणेच बंद करतात.

घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्यासाठी फोनमधला 'डू नॉट डिस्टर्ब' पुरेसा आहे. त्यात घरच्या दोन-तीन नंबरांना सूट देता येते आणि तोच माणूस थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन करत असेल तर घंटा वाजू द्यायची सोयही असते. स्क्रीन काळी-पांढरी करण्याची सोय बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आहे. रंग गेले की रील पाहण्यातली निम्मी मजा जाते.

फोन परत हातात येतो तो चोरवाटांनी. पहिली वाट वेळ पाहण्याची. भिंतीवर मोठे घड्याळ आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर गजराचे छोटे घड्याळ असले की ती बंद होते. दुसरी, लाइन गेली की मोबाइलचा टॉर्च लावण्याची. तिथे चार्जिंगचा दिवा आधीच भरून ठेवलेला हवा. तिसरी वाट ऑनलाइन व्हिडिओ आणि पीडीएफची, आणि ती पुरती बंद करता येत नाही, कारण निम्मे शिकणे त्यातूनच होते. म्हणून आदल्या रात्री व्हिडिओ डाउनलोड करून ठेवावा, नोट्सची झेरॉक्स काढावी आणि प्रत्यक्ष पाहताना फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. चौथी वाट सर्वांत मानभावी. अभ्यासाआधी 'मूड बनवायला' पाहायचा प्रेरणादायी व्हिडिओ. तो संपायच्या आत पुढचा लागलेला असतो. गावोगावी मंडप टाकून व्याख्याते बोलावणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे. एका व्याख्यानाच्या मांडवाच्या खर्चात पाटी, घड्याळे, साधा फोन आणि दोन दिवे सहज येतील.

उन्हाळ्याचे वेगळे लिहावे लागते, कारण विदर्भात एप्रिल-मे म्हणजे नेमका परीक्षांच्या तयारीचा काळ आणि चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. बोस्टनमध्ये २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा एसी नसलेल्या खोल्यांत राहणाऱ्यांना साध्या प्रश्नांची उत्तरे द्यायला एसीवाल्यांपेक्षा सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला. तिथला उकाडा आपल्या मेपुढे काहीच नव्हे. तेव्हा दुपारी दोन वाजता डोके चालत नाही यात चारित्र्याचा दोष नाही. अवघड विषय पहाटे पाच ते नऊ या वेळात घ्यावा आणि दुपारी नकाशे भरणे, चालू घडामोडींची कात्रणे, झालेल्या चुका तपासणे अशी हलकी कामे ठेवावीत.

कुलर असूनही मुले पेंगतात याचे कारण बहुतेक वेळा कुलरमध्ये नसून खिडकीत सापडते. 'गार हवा बाहेर जाते' म्हणून सगळी दारे-खिडक्या लावून घेतात. कुलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. कोंदट खोलीत हवेतली ओल वाढत जाते, बाष्पीभवन मंदावते, अंगाला घाम चिकटतो, श्वासाची हवा साठते आणि झोप येते. कुलर बाहेरची कोरडी हवा ओढेल असा खिडकीबाहेर बसवावा आणि त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडे ठेवावे. खात्री करायची तर त्या खिडकीत कागदाची पट्टी धरावी, ती बाहेरच्या बाजूला उडाली पाहिजे. कुलरच्या गवताच्या ताट्या हंगामाच्या सुरुवातीला बदलाव्यात, टाकीचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी कोरडी करावी, नाहीतर डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. पाऊस लागला की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, तेव्हा पाण्याचा उपयोग उलटाच होतो. बसण्याआधी ग्लासभर पाणी प्यावे आणि लिटरभराची बाटली सोबत ठेवावी.

कुलरचा एक फायदा कोणी मोजत नाही. त्याचा एकसुरी आवाज बाहेरचे बोलणे झाकतो. मागे चाललेले बोलणे, ते अनोळखी भाषेत असले तरी, क्रमाने लक्षात ठेवायच्या गोष्टी बिघडवते, हे कॉल आणि वेल्श यांनी १९७६ मध्येच दाखवले होते. एकसुरी घरघर तेवढा त्रास देत नाही. त्यामुळे पाठांतराचे काम पानठेल्याकडच्या खिडकीपाशी करू नये. कापसाचे बोळे आवाज फारसा अडवत नाहीत. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे बरे, पण ते नीट घालावे लागतात. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानात खुपसला तर तो फुगून बाहेर येतो.

झोपेबाबत मात्र सवलत नाही. शेतीपंपाला रात्रीची लाइन असते तेव्हा घरातला तरणा पोरगा ओलिताला जातो आणि सकाळी अभ्यासिकेत येऊन बसतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ च्या प्रयोगात रोज सहा तासच झोपू दिलेल्या माणसांची अवस्था चौदा दिवसांनी पुरी रात्र जागलेल्यांसारखी झाली होती, आणि आपले इतके बिघडले आहे याची त्यांना स्वतःला जाणीव नव्हती. 'मला कमी झोप चालते' म्हणणाऱ्यांनी हे दुसरे वाक्य पुन्हा वाचावे. ओलिताच्या रात्रीनंतर सकाळी आधी झोपावे, अभ्यास दुपारनंतर. दिवसा डुलकी घ्यायची तर वीस मिनिटांची, गजर लावून. तासभर झोपले तर उठल्यावर डोके जड होते. चहा डुलकीच्या आधी घ्यावा, कारण त्याचा असर चढायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. संध्याकाळी उशिरा घेतलेला चहा मात्र रात्रीची झोप खातो.

एवढे करून खुर्चीत बसले तरी पहिली दहा मिनिटे मन बिथरतेच. बोअरची मोटर सुरू केली की आधी गढूळ पाणी येते, म्हणून कोणी मोटर बंद करत नाही. त्या दहा मिनिटांत नवे काही वाचू नये. काल काय केले ते पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर लिहून काढावे, पाच-सात ओळी पुरेत. उजळणीही होते आणि हात कामाला लागतो. त्यानंतर चिठ्ठीवरचा प्रश्न. सुरुवातीला पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे सुटी हे माप बरे. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या टायमरवर ते बसवले. सवय झाली की गणितासाठी पन्नास मिनिटांपर्यंत न्यावे, कारण लांबलचक उदाहरण पंचविसाव्या मिनिटाला तुटले तर पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागते. सुटीत उठून चालावे, पाणी प्यावे. फोन पाहिला तर ती सुटी राहत नाही.

एक इशारा. या तयारीचेच व्यसन लागते. टेबल पुसणे, चार रंगांच्या पेनांनी वेळापत्रक आखणे, उदबत्ती, मग नवी वही. हे सगळे काम टाळण्याचे सभ्य मार्ग आहेत. वीस मिनिटे झाली की तयारी अर्धवट असली तरी बसायचे. स्मरणशक्तीच्या बाटल्यांच्या जाहिरातींवरही पैसे घालू नयेत, त्यापेक्षा गजराचे घड्याळ घ्यावे.

हेच वावरातही लागू आहे आणि तिथे चूक जास्त महागात पडते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवरच्या (कपाशीवरच्या) फवारणीतून विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-मजुरांचे जीव गेले. त्याची कारणे अनेक होती आणि त्याचे खापर फवारणाऱ्यांच्या बेसावधपणावर फोडणे अन्यायाचे होईल. पण औषध मिसळण्याआधीची दहा मिनिटे तरी आपल्या हातात आहेत. लेबलवर मात्रा बऱ्याचदा दहा लिटर पाण्याला दिलेली असते आणि पाठीवरचा पंप असतो पंधरा किंवा सोळा लिटरचा. दहा लिटरला ४ मिलि असेल तर पंधराच्या पंपाला ६ मिलि. हा हिशेब बांधावर, एका हातात फोन धरून, अंदाजाने करायचा नसतो. आदल्या रात्री करून तो कागद औषधाच्या पिशवीत ठेवावा. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाची मात्रा वेगळी असते, ती सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून वेगळ्या कागदावर लिहावी. डब्यावरच्या चौकोनात लाल त्रिकोण दिसला तर ते सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा. मोजमाप, हातमोजे, तोंडावरचे कापड, साबण आणि धुवायचे पाणी बांधावर मांडून झाल्यावरच झाकण उघडावे. उपाशीपोटी जाऊ नये आणि वारा पाठीशी घ्यावा. मिसळताना फोन दुसऱ्या माणसाकडे द्यावा, म्हणजे निकडीच्या वेळी तो औषध न लागलेल्या हातात असतो.

हे सारे करूनही लहानपणापासून कशातच लक्ष टिकत नाही, किंवा महिनोन्‌महिने झोप उडाली आहे, जीव कशात रमत नाही, असे ज्यांचे आहे त्यांच्यावर ही वीस मिनिटे लादू नयेत. तो डॉक्टरांचा विषय आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते आणि १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) क्रमांकावर मोफत बोलता येते. भरती लांबत चालल्याने खचलेल्या मुलांची संख्या गावात कमी नाही. 'मन लाव' एवढेच त्यांना सांगणे थांबवावे.

शेवटचा मुद्दा ग्रामपंचायतींसाठी. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर वाजवायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे आणि वस्तीत दिवसाही ५५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळेभोवतीचे शंभर मीटर सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, म्हणून अभ्यासिकेसाठी जागा निवडायची तर शाळेच्या आवारातली खोली मागावी. वरातीचा डीजे दहानंतर वाजला तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर तक्रार करता येते, पण गावात कोणाच्या लग्नाची तक्रार कोण करणार? म्हणून हे काम एकट्यादुकट्या मुलावर न टाकता ग्रामसभेने ठराव करून करावे आणि मंडपाची परवानगी देतानाच वेळ लिहून द्यावी. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतेच. त्या विषयपत्रिकेत खिशांची पाटी, भिंतीवरचे घड्याळ, साधा फोन, चार्जिंगचे दिवे आणि कुलरसमोरच्या बंद पडलेल्या खिडकीची दुरुस्ती हे पाच विषय घ्यावेत, अशी आमची सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती आहे.

कळावे,
गावच्या अभ्यासिकेचे काम पाहणारे काही वाचक
जि. यवतमाळ